विंगेतून

छत्तीस वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला उभा,
वहीवर टॉर्चचा बोटभर उजेड पाडून.
म्हणून तवनाप्पा मगदूम मला एका बाजूनंच ठाऊक:
डावा कान, डावा गाल,
आणि संवाद सुचेना झाला की
पाठीमागे नेऊन हलवलेली करंगळी.

निपाणीच्या वखारीत तो बोदांवर नंबर घालायचा.
एक, दोन, तीन असा आवाज लावायचा
की पाला चाळणाऱ्या बायका शिंकता शिंकता म्हणायच्या,
बघा, राजा आला, काखेत वही मारून.
पहिलं काम अक्कोळच्या जत्रेत, भालदाराचं.
एकच वाक्य. तेही विसरला,
आणि भाला आपटून असा काही गप्प राहिला
की राजाचंच त-त-प-प झालं.

मग गोकाकच्या कंपनीत कानडी खलनायक,
शेवटच्या बसनं परतून दुसऱ्या दिवशी संकेश्वरला
मराठी फार्सातला बहिरा सासरा.
मिशी तीच, टोकं खाली वळवलेली.
आदल्या रात्रीचा खून डोळ्यांत उरलेला असायचा,
लोक म्हणायचे, काय बेरकी म्हातारा रंगवलाय!

घरात कानडी, वखारीत मराठी,
बस्तीत प्राकृत, अर्थ न कळता पाठ.
तुमची भाषा कुठली, असं कुणी विचारलंच
तर म्हणायचा, आज जिचा प्रयोग आहे ती.
एका साली त्याच्या पोस्टरवर डांबर फासलं,
नाव मराठीत होतं म्हणून.
दुसऱ्या साली फासलं, नाव कानडीत होतं म्हणून.
दोन्ही वेळा जवळ जाऊन बघून आला,
म्हणाला, रंग नीट बसलाय, पण कानामागं राहिलं.

सिनेमात त्याला मरायची कामं मिळाली.
तंबाखूचा खोकला अस्सल, त्यामुळे
कोल्हापुरात क्षयाचे सगळे रोगी त्याच्या वाट्याला.
पहिला सिनेमा निपाणीत लागला तेव्हा
त्याच्या आईला आम्ही पुढच्या बाकावर बसवलं.
पडद्यावर हा मेला. वर चादर ओढली.
म्हातारी उभी राहिली,
पदर कमरेला खोचून पडद्याला हाका मारू लागली:
तवना, ऊटा! ऊटा!
ती जेवायला बोलावत होती, दुपार टळली म्हणून.
मराठी बाकांना ऐकू आलं, उठा, उठा.
सगळं थेटर रडलं.
ऑपरेटरनं रीळ थांबवलं, माझी शपथ.
तवना माझ्या उजव्या हाताला बसला होता.
त्या दिवशी पहिल्यांदा बाजू बदलली होती आमची,
आणि नेमका मी पडद्याकडं बघत राहिलो.

ती गेली त्या सकाळी
अंगणात पाचपन्नास माणसं, आणि हा कोरडा.
बेळगावात ज्याच्या रडण्यावर पडदा पाडायला उशीर करायचे
तो तवनाप्पा, हात मागं बांधून.
मग करंगळी हलली.
माझ्याकडं वही नव्हती.
चाचपडलो, खिशात बसचं तिकीट, चुन्याची डबी.
सवयीनं ओठ कानाजवळ नेले
आणि हळू म्हटलं, ऊटा.

त्यानंतर तो जे रडला
ते चांगलं होतं की वाईट, मला सांगता येत नाही.
अर्धाच चेहरा दिसत होता.

आता दात काढलेत, गुडघे गेलेत.
पडद्यावरच्या मरणांचा हिशेब वखारीच्या जुन्या वहीत ठेवलाय:
मराठीत अकरा, कानडीत नऊ.
परवा धारवाडहून फोन आला, मालिकेत म्हातारा हवाय,
दुसऱ्याच दृश्यात जाणारा. अर्ध्या दिवसाचं काम.
अर्ध्या दिवसात कोण मरतंय हो, म्हणाला,
आणि सुनेला सांगितलं, दोन डबे भर.

मी टॉर्चमध्ये नवे सेल घातले.
कॅमेऱ्यापुढं प्रॉम्प्टर चालत नाही, माहीत आहे.